मंगळवार-गुरुवार, साडेसहाची प्रॅक्टिस

मुलगा आठ वर्षांचा असताना पहिल्यांदा ती ई-मेल आली. अभिनंदन, तुमच्या मुलाची फुटबॉल संघात निवड झाली आहे, 48 तासांत 500 डॉलर भरून जागा पक्की करा. वर्षाची फी 2,400 डॉलर. गणवेशाचे वेगळे, स्पर्धांचे वेगळे, हिवाळ्यात बंदिस्त टर्फवर सराव होईल त्याचेही वेगळे. न्यू जर्सीतल्या आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून मी ती मेल दोनदा वाचली आणि कोल्हापूरला दादाला फोन लावला.

दादा शिवाजी पेठेतला. तरुणपणी तालमीच्या फुटबॉल संघातून बॅकला, म्हणजे बचावात, खेळायचा. शाहू स्टेडियमवर त्याच्या मॅचला आम्ही बहिणी मैत्रिणींना घेऊन जायचो, घरी येताना आमचा आवाज बसलेला असायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरगं खेळतंय आणि पैसं तू देतीस? उलटं झालं की गं हे."

इथली पद्धत अशी आहे, असं मी त्याला समजावत राहिले. पुढची दहा वर्षं ती पद्धत आतून पाहिली. आधी नुसती पालक म्हणून, नंतर क्लबची खजिनदार म्हणून. भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो: अमेरिकेत एवढा पैसा, अशी हिरवीगार मैदानं, तेहतीस कोटींच्या वर माणसं, मग चाळीस लाखांच्या क्रोएशियात मॉड्रिचसारखा अव्वल फुटबॉलपटू घडतो तसा इथे एकही का घडत नाही? माझ्यापुरतं उत्तर दादाच्या त्या एका वाक्यात होतं. ते कळायला मला वेळ लागला.

सुरुवात फार गोड होती. पाचव्या वर्षी गावच्या 'रेक' सॉकरमध्ये नाव घातलं. आपल्या फुटबॉलला इथे सॉकर म्हणतात. रेक म्हणजे नुसतं मजेसाठी, शनिवारी सकाळी एक तास. प्रशिक्षक म्हणजे संघातल्याच कुणाचे तरी बाबा, आणि मॅचनंतर संत्र्याच्या फोडी कुणी आणायच्या याची पालकांची पाळी. मग 'ट्रॅव्हल', म्हणजे आसपासच्या गावांशी सामने. इथे पहिल्यांदा ट्रायआउट आले. मे महिन्याच्या दोन संध्याकाळी पाठीवर नंबर चिकटवलेली मुलं धावतात, मोठी माणसं हातातल्या पॅडवर काहीतरी लिहितात आणि सात-आठ वर्षांच्या मुलांचे ए, बी, सी संघ पडतात. त्याच्याही वर क्लब. तिथे पगारी प्रशिक्षक आणि ती 2,400 डॉलरची मेल. आम्हाला परवडत होतं, आम्ही भरले.

सराव मंगळवारी आणि गुरुवारी, साडेसहा ते आठ. मी कडेला खुर्ची टाकून बसायची. एका गुरुवारी मी नुसती रांग पाहत राहिले. बारा मुलं एकामागे एक उभी. पहिला मुलगा नारंगी कोनांमधून चेंडू काढत जातो, गोलवर मारतो, परत रांगेच्या शेवटी येऊन उभा राहतो. माझ्या मुलाचा नंबर लागायला जवळजवळ दोन मिनिटं लागत होती. त्या दोन मिनिटांत तो बुटाच्या टोकानं टर्फमधले काळे रबराचे कण उकरायचा. पेठेत आमच्या गल्लीतली पोरं शाळेतून आली की दप्तर फेकून अंधार पडेपर्यंत चेंडूमागे असायची. चार दगडांचे दोन गोल. कुणी शिकवायला नाही, कुणी रांग लावायला नाही. चेंडू भिंतीवर आपटून कसा परत येतो हे दादाला त्या भिंतीनंच शिकवलं.

कोल्हापूरनं जगाला मोठे खेळाडू दिले असं मी म्हणत नाही, दिलेले नाहीत. त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती सोपी नाहीत. पण चेंडूबरोबर घालवायचे ते फुकटचे, बिनहिशेबी तास पेठेतल्या पोरांना मिळत होते. माझ्या मुलाला ते मिळत नव्हते. मैदान घरापासून सहा मैलांवर, वाटेत चौपदरी रस्ता आणि पदपथ नाही. मैदानाच्या फाटकावर पाटी: परवान्याशिवाय खेळण्यास मनाई. त्याला चेंडू खेळायचा तर मी गाडी काढायला हवी, आणि दुसऱ्या दहा आयांनीही त्याच वेळी गाड्या काढायला हव्यात.

लोक म्हणतात, अमेरिकेतली सगळ्यात दणकट मुलं बास्केटबॉल आणि त्यांच्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलकडे जातात, सॉकरला उरलेली येतात. हे मला कधीच पटलं नाही. मेसीची उंची 170 सेंटिमीटर, मॉड्रिचची 172. त्यांना बास्केटबॉलवाल्यांनी पळवलं असतं असं थोडंच आहे? उलट बास्केटबॉलकडे पाहिलं की मला सॉकरचं दुखणं जास्त स्पष्ट दिसतं. आमच्याच रस्त्यावर सात घरांसमोर बास्केटबॉलची रिंग आहे. प्रत्येक पार्कात आहे, शाळेमागे आहे. संध्याकाळी पोरं आपापली जमतात, थोरल्यांच्यात धाकटी घुसतात, मार खातात, शिकतात. ज्या खेळात अमेरिका जगाला शिकवते तो खेळ इथे मोठ्या माणसांना न विचारता खेळला जातो. सॉकरला मात्र वेळ ठरवून घ्यावी लागते, डॉक्टरकडे घेतो तशी.

2016 मध्ये सगळ्या देशात वयोगटांची विभागणी बदलली. आधी ऑगस्ट ते जुलै असं वर्ष धरत, ते जानेवारी ते डिसेंबर झालं. माझा मुलगा 2006 च्या नोव्हेंबरातला. एका उन्हाळ्यात तो एक इयत्ता वर ढकलला गेला आणि जानेवारीत जन्मलेल्या मुलांच्यात सगळ्यात लहान ठरला. दहा वर्षांच्या वयात दहा महिने फार असतात. त्याच्या आधीच्या संघाची दोन तुकड्यांत फाळणी झाली. ट्रायआउटनंतर त्याला बी संघ मिळाला आणि प्रशिक्षक मला म्हणाले, "त्याची समज चांगली आहे, पण अंग भरायला हवं." ते वाईट माणूस नव्हते. रविवारच्या मॅचला अंग भरलेली मुलं कामाला येतात, हे त्यांना ठाऊक होतं. 2026 च्या हंगामापासून पुन्हा ऑगस्ट ते जुलै असं ठरलंय. ज्यांची मुलं मधल्या दहा वर्षांत वाढली त्यांनी काय करायचं, हे कुणाला विचारणार?

2017 चा ऑक्टोबर आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. भारतात 17 वर्षांखालचा विश्वचषक होता आणि भारताची पहिलीच लढत 6 तारखेला दिल्लीत अमेरिकेशी. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव. दादाच्या घरी टीव्हीसमोर अख्खी गल्ली जमली होती. माझ्याकडे शुक्रवारची सकाळ, मी ऑफिसात फोनवर चोरून पाहत होते. अमेरिका 3-0 जिंकली. दादा फोनवर म्हणाला, "तुमची पोरं लई तयार हाईत गं." आणि खरंच होती. पुढे अमेरिकेच्या थोरल्या संघातून खेळलेली जॉश सार्जंट, टिम वेआ, सर्जिन्यो डेस्ट, सगळी त्या एका संघात.

चारच दिवसांनी, 10 तारखेच्या रात्री, अमेरिकेचा थोरल्यांचा संघ विश्वचषकाच्या पात्रता फेरीत त्रिनिदादमध्ये 2-1 असा हरला. नुसती बरोबरी पुरली असती. 1990 पासून एकही विश्वचषक न चुकवलेली अमेरिका 2018 च्या विश्वचषकाला रशियाला जाणार नव्हती. 19 वर्षांच्या क्रिस्टियन पुलिसिकनं त्या मॅचमध्ये अमेरिकेचा एकमेव गोल केला होता. शेवटी तो मैदानात खाली बसला, तोंड झाकून. माझा मुलगा पायजम्यात सोफ्यावर होता. त्यानं विचारलं, "आई, मग ती दिल्लीतली मुलं मोठी झाल्यावर काय होतं त्यांचं?"

दहा वर्षांच्या मुलाचा हा प्रश्न मला अजून सुटत नाही. त्याच महिन्यात मडगावला उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडनं अमेरिकेला 4-1 हरवलं. इंग्लंडच्या त्या संघात फिल फोडेन होता, सार्जंटच्याच वर्षी, 2000 मध्ये जन्मलेला. फोडेन लहानपणापासून मँचेस्टर सिटीच्या अकादमीत. रोज मोठ्या खेळाडूंच्या शेजारी सराव करायचा, कुठे जायची गरज नाही. फिफाच्या नियमानुसार सहसा 18 पूर्ण होईपर्यंत खेळाडूला परदेशी क्लबात जाता येत नाही, त्यामुळे सार्जंटला जर्मनीतल्या ब्रेमेनकडून खेळायला अठराव्या वाढदिवसाची वाट पाहावी लागली. पुलिसिक 16 व्या वर्षी जर्मनीतल्या डॉर्टमुंडला जाऊ शकला, कारण त्याचे आजोबा क्रोएशियाचे आणि त्यामुळे त्याला क्रोएशियाचा, म्हणजे युरोपीय संघातला, पासपोर्ट मिळाला; तिथल्या मुलांना आपसांत 16 व्या वर्षीच जाता येतं. त्या दोन वर्षांनी सगळा फरक पडला, असं त्यानं स्वतःच सांगितलं आहे. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावच्या मुलाचं नशीब आजोबांच्या कागदांवर ठरलं. ज्याचे आजोबा ओहायोतले, त्यानं काय करायचं?

मुलगा बारा वर्षांचा झाला त्या सुमारास क्लबनं पालकांतून खजिनदार शोधायला घेतला. मी हिशेबाचंच काम करते, म्हणून हो म्हटलं. कागदोपत्री क्लब ना-नफा संस्था. मी पहिल्यांदा वह्या उघडल्या तेव्हा मला जे दिसलं ते एवढंच: जमेच्या बाजूला पालकांची फी. तिच्याखाली स्पर्धा भरवून मिळालेले थोडे पैसे. बस. खर्चाच्या बाजूला प्रशिक्षक, टर्फचं भाडं, पंच, विमा. खेळाडू चांगला निघाला तर त्याचे पैसे जमा होतील अशी ओळच नव्हती.

युरोपात, दक्षिण अमेरिकेत ती ओळ असते. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबला विकला गेला की रकमेतले 5 टक्के, तो 12 ते 23 वर्षांचा असताना ज्यांनी त्याला शिकवलं त्या क्लबांत वाटले जातात. फिफाचा हा नियम 2001 पासून आहे. कुठल्याशा खेड्यातला क्लब एका मुलाच्या जोरावर नवं मैदान बांधतो. म्हणून तिथला प्रशिक्षक गरीब घरातल्या हुशार पोराला दारातून परत पाठवत नाही, स्वतः घरी जाऊन आणतो. अमेरिकेचा सॉकर महासंघ मात्र वर्षानुवर्षं देशातल्या कायद्याकडे बोट दाखवून हा नियम लागू करत नव्हता. 2014 मध्ये सिएटलच्या डिआंद्रे येडलिनला इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबनं घेतलं, तेव्हा त्याला लहानपणी शिकवणाऱ्या वॉशिंग्टन राज्यातल्या क्लबला आपल्या वाट्यासाठी फिफापर्यंत भांडत जावं लागलं.

आमच्या वहीत ती ओळ नाही म्हणजे काय, हे मला एका रविवारी कळलं. एक संघ लागोपाठ तीन मॅच हरला आणि रात्री चार पालकांच्या मेल आल्या: असंच चाललं तर आम्ही शेजारच्या क्लबात जाऊ. पंधरा मुलं, प्रत्येकी 2,800 डॉलर. एक संघ फुटला की 42,000 डॉलर गेले. पुढच्या रविवारी त्या प्रशिक्षकानं बचावपटूंना लांब चेंडू मारायला सांगितलं, पुढे सगळ्यात उंच आणि वेगवान मुलगा ठेवला आणि मॅच जिंकली. पायात चेंडू ठेवून विचार करणारी लहान चणीची मुलं बाकावर. तेरा वर्षांच्या मुलांचा निकाल क्लबचं पोट भरत होता. आणि ते पोट भरणारं गिऱ्हाईक मी होते, मुलगा नव्हे.

आमच्या संघात दहा नंबरची जर्सी घालणारा एक मुलगा होता. आईवडील एक्वाडोरचे, वडील लोकांच्या बागा राखायचे. मी त्याचं नाव लिहीत नाही. असा खेळ मी शाहू स्टेडियमवरही मोजक्या वेळा पाहिला. चेंडू येण्याआधीच त्याला माहीत असायचं तो कुठे द्यायचा. रविवारी सकाळी क्लबची मॅच झाली की दुपारी तो पार्कात काकामामांच्या लीगमध्ये मोठ्या माणसांत खेळायचा. ती लीग महासंघाच्या कुठल्याही यादीत नाही. प्रशिक्षक मला एकदा म्हणाले होते, "याला मी काहीच शिकवलेलं नाही."

क्लबनं त्याची अर्धी फी माफ केली. पूर्ण माफीसाठी अर्ज होता, त्याला कराची कागदपत्रं जोडायची. वडिलांची कमाई रोखीत. त्याची आई एका संध्याकाळी माझ्याकडे ते कागद घेऊन आली. आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसून ते भरायला लागलो आणि तिसऱ्या पानावर थांबलो. अर्धी फी त्यांनी भरली. पण मेरीलँडच्या स्पर्धेला आयोजकांनी ठरवून दिलेल्या हॉटेलातच राहायचं, नाहीतर संघाला प्रवेश नाही. दोन रात्रींचे चारशे डॉलर. मंगळवारी वडील कामावरून सातला येणार, प्रॅक्टिस साडेसहाला. काही महिने मी त्याला आणलं-सोडलं. मग त्यांनी घर बदललं, ते आणखी लांब गेले. तेराव्या वर्षी त्यानं क्लब सोडला.

त्या वर्षीचा ताळेबंद मीच केला. त्याच्या जाण्यानं जमेच्या बाजूला फारसा फरक पडला नाही, खर्चातली सवलतीची रक्कम तेवढी कमी झाली. मी तो आकडा लिहिला आणि त्या रात्री जेवले नाही.

टेक्सासच्या नॅकडोचसचा क्लिंट डेम्प्सीही असाच. ट्रेलरमध्ये राहणारं कुटुंब, मेक्सिकन मुलामाणसांबरोबर अंगणात खेळून शिकलेला. डॅलसच्या क्लबसाठी आईवडील तीन-तीन तास गाडी चालवायचे. पैसे पुरेनात तेव्हा त्याला क्लब सोडावा लागला होता. संघातल्या दुसऱ्या मुलांच्या पालकांनी खर्चाचा आणि प्रवासाचा भार उचलला म्हणून तो परत आला. पुढे तीन विश्वचषकांत गोल, देशासाठी 57 गोल, इंग्लंडमध्ये फुलहॅम क्लबचा लाडका. अमेरिकेच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक जण दोन-चार शेजाऱ्यांच्या चांगुलपणावर टिकला. असे किती टिकले नसतील?

व्यावसायिक क्लबांच्या अकादम्या आहेत, तिथे फी नाही, आणि हा बदल चांगला आहे. टायलर अ‍ॅडम्स न्यूयॉर्क राज्यातल्या वॉपिंगर्स फॉल्सहून इथे न्यू जर्सीत रेड बुल्सच्या अकादमीत यायचा, तिथून जर्मनीतल्या लाइपझिगला गेला. माझ्या मुलानंही अशा एका ठिकाणी चाचणी दिली, निवड झाली नाही, ती रास्तच होती. पण मेजर लीग सॉकरच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगच्या, तीसेक संघांच्या गावाबाहेर केवढा देश पसरलाय! लीगही बंद दारांची. खालचा क्लब कितीही चांगला खेळला तरी वर चढत नाही, वरचा खाली घसरत नाही. लहान गावातल्या क्लबनं मग कशासाठी झुरायचं? 2020 च्या एप्रिलमध्ये, सगळं बंद असताना, महासंघानं 2007 पासून चालवलेली स्वतःची अकादमी लीगही एका घोषणेत बंद केली. मुलांच्या लीगचं नाव बदललं, आमच्या गणवेशावरची पट्टी बदलली, फी तीच राहिली.

मुलींचं काय, असं मला विचारतात, कारण अमेरिकेच्या बायकांनी चार विश्वचषक जिंकले. 1972 च्या टायटल नाइन कायद्यानं कॉलेजांना मुलींच्या खेळावर खर्च करायला लावलं, आणि बाकीच्या कित्येक देशांनी तेव्हा मुलींना मैदानापासून लांबच ठेवलं होतं. ते देश आता आले आहेत. 2023 चा विश्वचषक स्पेनचा.

कतारचा विश्वचषक पाहताना मुलगा सोळाचा होता. तो पडद्यावरच्या अमेरिकन खेळाडूंचा इतिहास सांगत होता. डेस्ट नेदरलँड्समध्ये वाढला, अँटनी रॉबिन्सन इंग्लंडमध्ये, युनुस मुसा इटली आणि इंग्लंडमध्ये. मकेनीचे वडील अमेरिकन हवाई दलात होते, त्यांची बदली जर्मनीत झाली तेव्हा तो तिथे चेंडू खेळायला लागला. मुलगा म्हणाला, "आई, आपला निम्मा संघ इकडे घडलेलाच नाही." नेदरलँड्सनं त्यांना 3-1 हरवलं.

शेवटची दोन वर्षं कॉलेजच्या प्रशिक्षकांना दाखवण्यासाठीच्या स्पर्धांत गेली. टर्फच्या कडेला ओळीनं बसलेली माणसं, हातात मुलांच्या गुणांचे कागद. माझ्या लक्षात आलं की आम्ही सगळ्या पालकांनी इतकी वर्षं जे विकत घेतलं ते कॉलेजचा प्रवेश होता. त्यात वावगं काही नाही, माझ्या मुलाला चांगलं कॉलेज मिळालं. तो खेळतो त्या कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीत खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण तो संघात आहे, आनंदात आहे. मात्र कॉलेजचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो आणि डिसेंबरात संपतो. 18 ते 22, खेळाडू पक्का होण्याची ती चार वर्षं, जगातली चांगली मुलं दर आठवड्याला मोठ्या माणसांशी झुंजत असतात.

मुलगा गेल्यावर गाडीच्या डिकीत त्याचे जुने चेंडू तसेच पडून होते. गेल्या वसंतात बाजारात त्या दहा नंबरच्या मुलाची आई भेटली. थोरला आता वडिलांबरोबर कामावर जातो, रविवारी पार्कात खेळतो. धाकटा अकराचा, ट्रायआउटला निवडला गेला होता. 48 तासांतले तीस उरले होते. फीचं मी क्लबशी बोलले. गाडीचं बोलायचं कारण नव्हतं, माझे मंगळवार-गुरुवार रिकामेच होते.

सव्वापाचला मी त्याला घेते. तो मागे बसतो, फार बोलत नाही. गेल्या गुरुवारी प्रॅक्टिस संपली, मी गाडी सुरू केली तेव्हा त्यानं विचारलं, घरी न सोडता पार्काशी सोडाल का, भावाची मॅच आहे, एक माणूस कमी पडतोय. मी गाडी वळवली. बाप्यांच्या मॅचमध्ये त्याला डाव्या बाजूला उभं केलं होतं. कुणी त्याला सांभाळून खेळत नव्हतं. एकदा आडवा पडला, उठला, पुढच्या वेळी चेंडू येण्याआधीच बाजूला सरकला. मी डिकीतली खुर्ची काढली. पार्कातले दिवे दहाला बंद होतात, तोवर आम्ही तिथेच होतो.